लाकडाची युद्धनौका : पहिल्यांदा करणाऱ्याने काय सांभाळावे



गळीत हंगाम आटोपला, खोडव्यातलं पाचट आवरून झालं आणि मुलांना सुट्टी लागली, की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन बसतंय." त्यावर हाताचे एक काम या लेखात सांगणार आहे. ते म्हणजे खऱ्या युद्धनौकेची मापात केलेली लहान प्रतिकृती. तुम्ही म्हणाल, ऊसवाल्याला बोटीचं काय घेणं ? मीही हेच म्हणालो होतो. पण गेल्या वर्षी बदलापूरला आक्काकडे महिनाभर राहिलो आणि चौदा वर्षांच्या भाच्याबरोबर हे काम स्वतः केले. पहिली नौका पार बिघडली, दुसरी जमली. त्यात जे शिकलो ते सांगतो.

मुलूख डोंगराकडचा, पण पाण्याशी जोडलेला

महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही स्टेशने झोपेत का होईना पाहिली आहेत. २७ जुलै २०१९ रोजी हीच महालक्ष्मी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत हजारावर माणसे होती. एनडीआरएफच्या बोटींबरोबर नौदलाची पथकेही तेव्हा निघाली होती. हीच नदी पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला तो याच खाडीवर.

आजही हा संबंध तुटलेला नाही. नौदलाला लागणारे धातू, रबर आणि रंग यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा (एन. एम. आर. एल.) अंबरनाथला आहे. याच गावात विम्कोचा काड्यापेटीचा कारखाना होता. त्यांची 'शिप' छाप पेटी जुन्या मंडळींना आठवत असेल. भाच्याचे पहिले जहाज काड्यांचेच होते, आणि तिथेच चूक झाली.

नौका कोणती निवडावी

मुलांना विमानवाहू 'विक्रांत' हवी असते. पण पहिल्या खेपेला ती नको. तिच्यावरची विमाने करता करता माणूस कंटाळतो. आम्ही 'खुक्री' निवडली. ही पाणबुड्यांचा शोध घेणारी लहान फ्रिगेट, १९५८ साली आपल्या नौदलात आली. लांबी ३१० फूट, म्हणजे सुमारे ९४.५ मीटर. रुंदी ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर. एक एकराचा चौरस तुकडा घेतला तर त्याची बाजू ६३-६४ मीटर भरते. जहाज तिच्या दीडपट लांब. पुढे उंच, मागे ठेंगणी, एक धुराडे, एक डोलकाठी. आकार साधा असल्याने नवख्याला झेपतो.

फोटो शोधताना एक सांभाळा. 'खुक्री' नावाची दुसरी नौकाही झाली. ती माझगाव गोदीत बांधलेली, १९८९ साली दाखल होऊन २०२१ साली निवृत्त झालेली. तिचा आकार अगदी वेगळा. जुन्या खुक्रीचा क्रमांक एफ १४९, तो फोटोत पाहूनच पुढे जावे. नाहीतर पुढचा भाग एकीचा आणि मागचा दुसरीचा, असा प्रकार होतो.

प्रमाण म्हणजे काय

मोजणीचा नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. कागदावरची इतकी रेघ म्हणजे रानातले इतके मीटर, हा त्याचा हिशेब. इथेही तेच. आम्ही एकास दोनशे हे प्रमाण धरले. खऱ्या जहाजाचे २ मीटर म्हणजे प्रतिकृतीचा १ सेंटिमीटर. त्यामुळे लांबी ४७ सें. मी. आणि रुंदी ५ सें. मी. झाली.

हा हिशेब प्रत्येक बारीक वस्तूला लावायचा असतो, आणि नवखा नेमका तेच विसरतो. भाच्याने कठड्याला काड्यापेटीच्या काड्या लावल्या. काडी २ मि. मी. जाड. तिला दोनशेने गुणले तर ४० सें. मी. झाले ! तो कठडा नव्हे, ओंडका झाला. आपला चांगला पोसलेला ऊस ३ सें. मी. जाड धरला, तर या मापात तो ०.१५ मि. मी. होतो, म्हणजे शिवणदोऱ्याएवढा. तेव्हा कठड्याला दोराच हवा. बोफोर्स तोफेची नळी सव्वादोन मीटरची, ती आपल्याकडे जेमतेम ११ मि. मी. होते. तिला टाचणी पुरते.

सांगाडा

पहिली नौका पाण्याच्या रेषेपासून वरची तेवढीच करावी आणि सपाट फळीवर बसवावी. पोटाचा गोलावा करणे अवघड असते, ते काम वाचते. जपानच्या शिझुओका येथील कंपन्यांनी १९७१ पासून प्लॅस्टिकच्या जोडणीच्या जहाजांची जी मालिका काढली, तीही याच पद्धतीची आहे. मात्र प्लॅस्टिकचा संच महाग पडतो. हात बसेपर्यंत लाकूड बरे.

१. जहाजाचे वरून आणि बाजूने दिसणारे चित्र पूर्ण मापात कागदावर काढा. या कामाला दोन दिवस लागले तरी घाई करू नका.

२. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून ४ मि. मी. प्लायचे तुकडे मिळाले. आपल्याकडे सुताराकडे मिळतील. पांगारा किंवा काटेसावरीचे लाकूडही हलके आणि मऊ असते. चित्राप्रमाणे थर कापून फेविकॉलने एकावर एक चिकटवा. पुढे थर जास्त, मागे कमी. वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवा.

३. कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. थरांच्या फटीत लांबी भरा आणि पुन्हा घासा. डोळे मिटून बोट फिरवा. थर बोटाला लागतोय तोवर काम बाकी आहे.

४. वरच्या खोल्या आणि धुराडे जाड पुठ्ठ्याचे करा. ते लगेच चिकटवू नका. आधी रंग, मग जोडणी. नाहीतर कोपऱ्यात ब्रश जात नाही.

कटर मुलांच्या हातात द्यायचा तर मोठ्या माणसाने शेजारी बसावे. पाते नेहमी धरणाऱ्या हातापासून दूर ओढावे.

रंग : इथेच बहुतेक जण फसतात

पहिल्या खेपेला आम्ही दाराला उरलेला ऑईलपेंट डब्यातून थेट फासला. सगळे ओघळ आले, खिडक्या बुजल्या. भाचा म्हणाला, "मामा, हे टाकून देतो." मी म्हणालो, "अरे, लागण फसली म्हणून कोणी रान विकतं का ?" पण मनातून मीही खचलो होतो.

दुसऱ्या खेपेला रीत पाळली. आधी अस्तराचा एक हात मारला, तो वाळल्यावर ४०० नंबरच्या पेपरने हलके घासले. मग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग दुधासारखा पातळ करून तीन पातळ हात मारले. पहिल्या हाताला लाकूड दिसतच राहते. दिसू द्यावे. एक जाड हात आणि तीन पातळ हात यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे : सगळा युरिया एकदम टाकणे आणि हप्त्याने देणे, तसाच तो आहे.

युद्धनौका करडी असते ती क्षितिजावरच्या धुरकट आभाळात मिसळून जावी म्हणून. पांढऱ्यात थोडा काळा आणि थेंबभर निळा घातला की तो रंग येतो. खऱ्यापेक्षा किंचित फिका ठेवा, कारण लांबची वस्तू नेहमी फिकी दिसते आणि आपण जहाज जणू लांबूनच पाहत असतो. डेकचा रंग बाजूंपेक्षा गडद. पाण्याच्या रेषेवर बारीक काळा पट्टा. त्यासाठी कागदी चिकटपट्टी लावावी आणि रंग पुरता कडक होण्याआधी ती हळू काढावी. शेवटी काळा रंग अगदी पाण्यासारखा करून फटींत सोडला आणि वरचा पुसून घेतला, की खाचा उठून दिसतात.

खऱ्या जहाजाचा पाण्याखालचा भाग बहुधा तांबडा असतो. समुद्रात बुडालेल्या पत्र्यावर शिंपले, शेवाळ धरते, जहाज जड होते, इंधन जास्त जळते. ते धरू नये म्हणून रंगात तांब्याचे संयुग घालतात. द्राक्षबागेवर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण मारतो, त्याच्या जवळपासची ही गोष्ट. अंबरनाथच्या प्रयोगशाळेचे काम अशाच रंगांशी आणि गंजाशी आहे. म्हणजे रंग ही तिथेही नुसती शोभा नाही.

एक माणूस केवढा

नौका झाल्यावर भाच्याने विचारले, "मामा, माणसं उभी करूया का ? केवढी करायची ?" हिशेब केला : साडेपाच फुटी माणूस या मापात ८ मि. मी., लांब तांदळाच्या दाण्याएवढा. मग मी त्याला पुढची हकिकत सांगितली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने खुक्रीवर टॉर्पेडो सोडला. नौका काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

पोरगा उठला, डब्यातून तांदूळ आणले आणि ताटात एकेक दाणा मोजून १९४ दाणे ठेवले. बराच वेळ नौकेकडे आणि ताटाकडे बघत बसला. माणसे काही त्याने उभी केली नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तिरका बसलेला क्रमांक खरवडून पुन्हा रंगवला. मी सांगितले नव्हते. म्हणाला, "खरी बोट होती ना ती."

सौराष्ट्राच्या यात्रेला जाणारांनी दीवला खुक्रीचे स्मारक जरूर पाहावे. समुद्राकडे तोंड केलेल्या उंचवट्यावर, काचेच्या घरात, जहाजाची प्रतिकृतीच ठेवली आहे. ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की एन. सी. सी. च्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृतींच्या स्पर्धा होतात. समुद्र लांब असला म्हणून ती वाट आपल्या मुलांना बंद नाही.

आमचा सगळा खर्च पाचशे रुपयांच्या आत झाला. वेळ मात्र महिनाभर गेला, आणि तोच खरा लाभ. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपात उसाचे नमुने मांडतो, त्या टेबलाशेजारी मुलांच्या नौकांसाठी एक टेबल ठेवावे, अशी माझी सूचना आहे. पहिली बिघडलेली असली तरी आणावी. कुठे चुकलं ते एकमेकांना दाखवता येईल.