पाण्यावरचा नाका

नागभीडच्या माणसाला समुद्र टीव्हीवर दिसतो. त्याच्या वाट्याचे मोठे पाणी म्हणजे घोडाझरीचा तलाव, नाहीतर ब्रह्मपुरीपलीकडची वैनगंगा. त्यावर चालतो तो ढिवरांचा डोंगा. या डोंग्याला नाव नसते, नंबर नसतो आणि या काठावरून त्या काठाला जायला कुणाची चिठ्ठीही लागत नाही.

जंगलातून निघालेल्या मालाला मात्र चिठ्ठी लागते. बांबूचा ट्रक वन विभागाच्या नाक्यावर आला की लोखंडी आडवा बांबू (हो, त्यालाही बांबूच म्हणतात) खाली येतो आणि चालक खिशातून टीपी काढतो. टीपी म्हणजे वाहतूक परवाना. त्यावर मालकाचे नाव, गाडीचा नंबर, किती नग, कुठून निघाला, कुठे चालला, कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे सगळे लिहिलेले असते. सागवान असेल तर लाकडावरची हातोड्याची खूणही पाहतात. एका चालकाने मला या व्यवहाराचे सार एका वाक्यात सांगितले होते : "माल कोनाचाही असो, टीपी नसन तं गाडी हालत नाही."

हे वाक्य मला आठवले ते अगदी भलत्या ठिकाणी. स्वतःची शिडाची नौका घेऊन परदेशी बंदरात जाणाऱ्याला काय काय कागद लागतात, त्याची यादी मी वाचत होतो. नौकेचे नाव आणि नोंदणी, मालक कोण, कप्तान कोण, सोबत किती माणसे, त्यांचे पासपोर्ट, मागचे बंदर कोणते, तिथून रीतसर निघाल्याचा दाखला, पुढचे बंदर कोणते, नौकेवर हत्यार आहे का. रकाने तेच होते, फक्त बांबूच्या जागी माणसे होती.

हे रकाने फार जुने आहेत. आपल्या किनाऱ्यावर त्यांचा छापील म्हणावा असा नमुना पोर्तुगिजांनी आणला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी अरबी समुद्रात एक नवीच गोष्ट जाहीर केली : हा समुद्र आमचा, आणि यावरून जायचे तर आमचा कागद हवा. त्या कागदाला ते कार्ताझ म्हणत. शब्दाचे मूळ अरबीतल्या किर्तास या शब्दात सांगतात आणि त्याचा अर्थ साधा कागद एवढाच. कार्ताझवर गलबताचे नाव, नाखवा कोण, गलबत केवढे, तोफा-हत्यारे किती, कुठून कुठे, हे लिहिलेले असे. काय न्यायचे नाही हेही लिहिलेले असे. मिरी-मसाले, घोडे, हत्यारे आणि तुर्क माणूस यांना मनाई होती. कागदाची फी किरकोळ होती. खरी वसुली पुढे होई, कारण कार्ताझ घेतलेल्या गलबताने गोवा, दीव, होर्मुझ अशा पोर्तुगीज ठाण्याला लागून जकात भरूनच पुढे जायचे असे. कार्ताझ नसलेले गलबत सापडले की माल जप्त आणि माणसे कैद.

त्याआधी या समुद्रावर कुणी काही वसूल करत नव्हते असे नाही. बंदरात शिरताना जकात होतीच. पण बंदराचा मालक असणे वेगळे आणि पाण्याचा मालक असणे वेगळे. शेताच्या बांधावर राखण बसवणे आणि वाऱ्यावर राखण बसवणे यांत जो फरक आहे, तोच इथे होता. आणि तरीही मोठमोठ्यांनी हा कागद घेतला. अहमदनगरच्या निजामशाहीने घेतला, विजापूरच्या आदिलशाहीने घेतला, आणि आग्र्याच्या मुघलांनीही घेतला, कारण हजला जाणारी जहाजे सुरतेहून निघत आणि वाट पोर्तुगिजांच्या पाण्यातून जाई. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही या कागदापायी सुरतेला खोळंबावे लागले. कार्ताझवर येशू आणि मेरी यांची चित्रे असत, म्हणून असला कागद जवळ बाळगून हजला जाणे धर्माला धरून आहे का, असा वाद अकबराच्या दरबारात निघाल्याचे बदायुनीने लिहून ठेवले आहे.

बरे, कागद घेतला म्हणजे सुटलो असेही नाही. 1613 मध्ये पोर्तुगिजांनी सुरतेजवळ 'रहीमी' नावाचे जहाज पकडले. ते जहांगीर बादशहाच्या आईचे होते आणि त्याच्याकडे रीतसर कार्ताझ होता. बादशहा भडकला, त्याने पोर्तुगिजांशी वैर धरले आणि त्याचा फायदा इंग्रजांना झाला. जो कागद देतो त्याच्या मनात आले तर कागदाची किंमत शून्य होते, हे हिंदुस्थानच्या बादशहाच्या घराला अशा रीतीने कळले.

कोकणातही कागद चालू लागला, पण त्यावरची सही वेगळी होती. मराठ्यांच्या आरमारात त्याला कौल म्हणत, दस्तक म्हणत. दस्त म्हणजे फारसीत हात. परवाना कुणाच्या हातून मिळतो हा प्रश्न त्या शब्दातच बसलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. परमुलखातले व्यापारी गलबत कौल न घेता जाताना आढळले तर काय करावे, हे त्यात सांगितले आहे. अमात्य म्हणतात त्याचा भाव असा की एकदम धरपकड करू नये, दिलासा देऊन बंदरात आणावे, त्याच्या खरेदी-विक्रीची सोय करावी आणि जी जकात होईल ती घ्यावी. पोर्तुगिजांचा कागद आणि अमात्यांचा कौल यांच्या हेतूत मला फार मोठा फरक दिसत नाही, दोन्ही वसुलीचेच. वागणुकीत मात्र दिसतो. त्याच प्रकरणात गलबतांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, असेही बजावले आहे. जंगल जिल्ह्यातल्या वाचकाचे लक्ष त्या ओळीकडे आधी जाते.

हा कागद खऱ्या अर्थाने चालवून दाखवला तो मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्र्यांनी. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी ठाणी हाताशी, आणि उथळ पाण्यात चालणारी वेगवान गुराबा आणि गलबते. कान्होजींचे म्हणणे साधे होते : या किनाऱ्यावरून जायचे तर सरखेलांचे दस्तक घ्या. इंग्रजांचे म्हणणेही तितकेच साधे होते : आमच्या निशाणाखाली जे चालेल ते आमचे, त्याला तुमचा कागद लागत नाही. मग मुंबईचे देशी व्यापारी आपल्या मालावर इंग्रजांचे निशाण चढवू लागले आणि भांडण पेटले. कान्होजींनी विचारले की कंपनीच्या जहाजाचे समजू शकतो, पण प्रत्येक सावकाराचे गलबत कंपनीचे कसे झाले? इंग्रजांच्या नोंदींत या भांडणाला चाचेगिरी म्हटले आहे. मला ते नाक्याचे भांडण वाटते. दोघेही एकाच रस्त्यावर आपापला अडसर टाकून बसले होते. मध्ये सापडलेल्या व्यापाऱ्याला मात्र दोन्हीकडे पैसे मोजावे लागत, हेही विसरू नये.

खासगी नौका म्हणावी अशीही एक या भांडणात सापडली. नोव्हेंबर 1712 मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची 'अल्जेरीन' नावाची तोफा चढवलेली नौका कारवारहून मुंबईकडे येत होती. सोबत 'ॲन' नावाचे मिरीने भरलेले जहाज होते. आंग्र्यांच्या आरमाराने दोन्ही पकडली. त्यात कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन मारला गेला. त्याची तरुण बायको कैद झाली आणि पुढे 30,000 रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. 1713 मध्ये तह झाला, टिकला नाही. गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग आणि खांदेरीवर तोफा डागून पाहिल्या, 1721 मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली, काही जमले नाही. कान्होजी 1729 मध्ये वारले, तोवर दस्तक चालू होते. विजयदुर्ग पडला तो 1756 मध्ये, आणि तेव्हा इंग्रजांच्या बाजूला पेशवे होते. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचे नाव आयएनएस आंग्रे आहे.

आता आजच्या नौकावाल्याकडे येऊ. तो परक्या देशाच्या पाण्यात शिरतो तेव्हा डोलकाठीच्या उजव्या बाजूला एक पिवळे निशाण चढवतो. आंतरराष्ट्रीय संकेतांत ते क्यू अक्षराचे निशाण आहे. एके काळी पिवळे निशाण म्हणजे आत रोगराई आहे, दूर राहा. आज त्याचा अर्थ उलटा झाला आहे : माझी नौका निरोगी आहे, मला किनाऱ्याला लागू द्या. परवानगी मिळेपर्यंत नौकेवरच्या कुणीही जमिनीवर पाय ठेवायचा नाही. बहुतेक ठिकाणी एकटा कप्तान कागदांची पिशवी घेऊन जातो. आरोग्य खाते, जकात, इमिग्रेशन, बंदर कचेरी अशा चार खिडक्या फिरून झाल्या की पिवळे निशाण उतरते आणि त्या जागी यजमान देशाचा छोटा झेंडा चढतो. हा झेंडा उलटा, फाटका किंवा आपल्या झेंड्याच्या खाली नको, याबद्दल काही देशांतले अधिकारी फार हळवे असतात.

प्रत्येक देशाची खोड वेगळी. अमेरिकेत जायला ज्यांना विमानाने व्हिसा लागत नाही, त्यांनाही स्वतःच्या नौकेने जायचे तर पासपोर्टावर व्हिसा लागतो, कारण ती सवलत नोंदणीकृत विमान आणि जहाज कंपन्यांच्या प्रवाशांनाच आहे. न्यूझीलंड निदान 48 तास आधी वर्दी मागते आणि नौकेच्या बुडाला लागलेले शेवाळ-शिंपले साफ केल्याचा पुरावाही मागते, कारण बुडाला चिकटून परके जीव येतात. भारताबद्दल परदेशी नौकावाल्यांची जुनी तक्रार अशी की इथे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातानाही सगळे कागद पहिल्यापासून करावे लागतात. उपग्रह फोनचे तर नावच काढू नये. समुद्रावर तो जीव वाचवतो, पण परवानगीशिवाय तो वापरणे हा इथे गुन्हा आहे.

हा कडकपणा उगीच आलेला नाही, आणि इथे माझी सहानुभूती कचेरीकडे झुकते. 2008 च्या नोव्हेंबरात 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी नौका समुद्रात पळवून दहा जण मुंबईजवळ आले आणि हवा भरलेल्या रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. नौका इथलीच होती, फक्त माणसे बदलली होती. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे आली, नौकांच्या नोंदण्या झाल्या, ठाणी वाढली.

अशा वातावरणात 18 ऑगस्ट 2022 ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी नौका लागली. नाव 'लेडी हान'. लांबी सुमारे 16 मीटर. आत तीन एके-47 आणि काडतुसे. श्रीवर्धनपासून मुंबईपर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा आला, नाकाबंद्या लागल्या. दुपारपर्यंत गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. नौका ऑस्ट्रेलियातल्या एका बाईच्या मालकीची होती, मस्कतहून युरोपकडे निघाली होती, जूनमध्ये वाटेत इंजिन बंद पडले, एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवले आणि खवळलेल्या समुद्रामुळे नौका ओढून नेता आली नाही. मग ती आपली आपण पावसाळी प्रवाहांबरोबर कोकणात आली. कप्तान नाही, पिवळे निशाण नाही, मागच्या बंदराचा दाखला नाही. परक्या देशात शिरण्याचे जेवढे नियम आहेत तेवढे सगळे एका निर्जीव नौकेने मोडले, आणि शिक्षा द्यायला कुणी सापडेना. एरवी बंदुका असलेली नौका बंदरात आली की त्या आधी जाहीर कराव्या लागतात, बहुधा त्या कुलपात घालून मोहोर लावली जाते आणि निघताना परत मिळतात. चाच्यांच्या भीतीने एडनच्या बाजूला अशी हत्यारे ठेवण्याची चाल आहे. हरिहरेश्वरच्या लोकांना ते त्या सकाळी कुठून ठाऊक असणार?

जिथे कोणताच कागद चालत नाही अशीही एक जागा आपल्या देशात आहे. अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटाभोवती पाच सागरी मैलांच्या आत कुणालाही जाता येत नाही. बेटावरचे लोक बाहेरच्या माणसाला येऊ देत नाहीत, आणि बाहेरचा साधा सर्दी-खोकलाही त्यांचा जीव घेऊ शकतो. मार्च 2025 मध्ये एक अमेरिकन तरुण मोटर लावलेल्या रबरी होडीतून तिथे जाऊन, नारळ आणि कोकचा डबा ठेवून आला. परतल्यावर अटक झाली. त्याच्याकडे भारताचा व्हिसा होता, पण व्हिसा भारत सरकार देते. सेंटिनलवाल्यांनी त्याला काही दिलेले नव्हते.

कागद कुणाच्या हातचा, हा प्रश्न आमच्याकडच्या जंगलातही येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंडांचे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू हे गौण वनोपज, म्हणजे तो ग्रामसभेचा. बांबू तोडता येत होता, पण विकायला ट्रक रस्त्यावर आणायचा तर टीपी हवी, आणि टीपीचे पुस्तक वन विभागाच्या टेबलावर. मालकी गावाची आणि सही दुसऱ्याची, अशी अडवणूक होऊन बसली. ग्रामसभेने बांबूसाठी पैसे मागितले नाहीत, सवलत मागितली नाही, पुस्तक मागितले. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिले.

त्या पुस्तकातही तेच रकाने आहेत. नाव, गाडी, किती नग, कुठून, कुठे, कधीपर्यंत. खाली सहीसाठी रेघ.