क्षारपड जमीन : पांढरा थर दिसण्याआधीचा तोटा

"रासायनिक खतांनी जमीन खारावली." उसाच्या बागायती पट्ट्यात हे वाक्य इतकं रुळलंय की तपासावंसंही कुणाला वाटत नाही. नीरा डावा कालवा सुरू झाला १८८० च्या दशकात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली ती १९१० मध्ये. युरियाचं पोतं तेव्हा कुणी पाहिलंही नव्हतं. क्षार बेसॉल्टच्या झिजेतून काळ्या मातीत आलेले असतात, काही कालव्याच्या पाण्याबरोबर येतात. निचरा नसताना पाट वर्षानुवर्षं वाहत राहिला की भूजल वर सरकतं, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. खतांचा अतिरेक भर घालतो, पण दुखण्याचं मूळ पाण्यात आहे.

दुसरा समज जास्त महागात पडतो : पांढरा थर दिसेपर्यंत काळजी नको. मातीची विद्युत वाहकता (संपृक्त अर्कातली) मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की शास्त्र तिला क्षारयुक्त म्हणतं. ऊस मात्र १.७ पासूनच कमी येऊ लागतो, पुढच्या प्रत्येक एककाला साधारण ६ टक्क्यांनी. म्हणजे जमिनीवर शिक्का बसेपर्यंत सुमारे १४ टक्के ऊस गेलेला असतो. आता हिशेब मांडा. १०० रुपयांच्या उत्पन्नात ६० खर्च धरला तर नफा ४०. बेणं, नांगरट, खत, पाणीपट्टी यांतलं फारसं काही कमी होत नाही. १४ रुपये जातात ते जवळजवळ सगळे नफ्यातून. तिसरा हिस्सा साफ! शेतकरी दोष बेण्याला देतो, खताचा आणखी एक हप्ता टाकतो, पाण्याची पाळी वाढवतो. हरभऱ्यासारखी पिकं उसाच्याही आधी हार मानतात, म्हणून तो उसाला आणखी घट्ट धरून बसतो. सोसायटीचं कर्ज मात्र तेवढंच राहतं.

"जिप्सम टाकलं की झालं." जिप्सम चोपण जमिनीसाठी, जिथं सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत त्याचा उपयोग नाही. आणि चोपणातही सुटलेला सोडियम वाहून न्यायला निचरा लागतोच. भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकायचे तर पाणी नाल्यापर्यंत शेजाऱ्यांच्या रानातून न्यावं लागतं. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे.

हा तोटा शेतकऱ्याच्या घरापुरता आहे, असंही मानलं जातं. टेरी या संस्थेनं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अभ्यासात जमिनीचा ऱ्हास आणि जमीनवापरातले बदल यांची किंमत २०१४-१५ च्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे २.५ टक्के निघाली. गंमत अशी, की सकल देशांतर्गत उत्पादनाच्या आकड्यात खालावलेल्या मातीची वजावट होतच नाही.

कालवा काढताना निचऱ्याचा खर्च धरायला हवा होता. तो वाचवला सरकारनं, आणि फेडतोय शेतकरी.

पाऊस पडण्याआधी माती तपासायला द्या. सामूबरोबर (पीएच) विद्युत वाहकता बघा, आणि आकडा कोणत्या अर्काचा आहे हेही विचारा : पातळ अर्कातला आकडा कमी येतो, त्यावर समाधान मानू नका.