पंच : मैदानातले आणि पंचनाम्यातले

पनवेलजवळच्या सुकापुरात, जेथे पाली-देवद ग्रामपंचायतीचा कारभार चालतो, गावचा प्रमुख तो सरपंच, कबड्डीच्या मैदानावरील मुख्य निर्णायक तोही सरपंचच, आणि जप्तीच्या मालास पोलिसांनी लाखेची मोहोर लावताना साक्षीस उभे केलेले इसम तेही पंच. संस्कृत ‘पञ्च’ म्हणजे पाच. त्यास फारसी ‘नामा’, म्हणजे लेख, जडला आणि ‘पंचनामा’ हा कचेरीतला संकर सिद्ध झाला. गंमत अशी, की पाचाचा दंडक आता कोठेच उरला नाही : ग्रामपंचायतीचे सदस्य ७ ते १७, कबड्डीत सरपंचाच्या जोडीस पंच २, आणि झडतीच्या वेळी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे, त्या परिसरातील त्रयस्थ व प्रतिष्ठित रहिवासी किमान २. कागदावर खूण करण्याची रीत मात्र जुनी : शिवकाळी गोतसभेचा, म्हणजे गावच्या न्यायसभेचा, निवाडा ‘महजर’ नामक कागदावर उतरे, आणि निरक्षर पाटील त्याखाली नांगराची निशाणी करी. आजच्या पंचांत भेद एवढाच, पण मोठा, की मैदानातला पंच निर्णय देतो, पंचनाम्यातला केवळ पाहतो, सही करतो आणि पुढे न्यायालयात उलटतपासणीस सामोरा जातो. १ जुलै २०२४ पासून झडतीचे ध्वनिचित्रमुद्रणही सक्तीचे झाले. पंचांची सही मात्र सुटलेली नाही.