भाव पडले की घरं लहान झाली?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी विभागात एक आलेख दाखवला होता. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका भागातली काही वर्षांची घरखरेदी, नोंदवलेल्या दस्तांवरून काढलेली सरासरी किंमत आणि खाली उतरत जाणारी रेघ. निष्कर्षही ठोकून दिला होता: या भागात घरांची मागणी मंदावली आहे. सरांनी एकच प्रश्न विचारला, "भाव पडले की घरं लहान झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत जाऊन दस्त चाळले तेव्हा कळलं, की त्या काळात तिथे वन बीएचकेचे मोठमोठे प्रकल्प नोंदणीला आले होते. टू बीएचकेचा भाव उलट थोडा वाढलेलाच होता. म्हणजे माझी रेघ खरी होती आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

घरांच्या किमतींचे प्रादेशिक कल हा विषय दिसायला सोपा आहे. आकडे सगळीकडे आहेत, प्रत्येकाच्या घरी त्यावर मत आहे. म्हणूनच संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहायला हवं. हा लेख त्याच एका प्रश्नाबद्दल आहे: आपल्या आकड्यात जो बदल दिसतोय तो किमतीतला आहे, की विकल्या गेलेल्या घरांच्या मिश्रणातला?

सरासरी कशी फसवते

एक काल्पनिक उपनगर घेऊ. पहिल्या वर्षी तिथे १०० घरं विकली गेली. ८० लहान, प्रत्येकी ४० लाखांची. २० मोठी, प्रत्येकी १ कोटीची. सरासरी आली ५२ लाख.

दुसऱ्या वर्षी दोन्ही प्रकारची घरं बरोबर ५ टक्क्यांनी महागली. लहान घर ४२ लाख, मोठं १ कोटी ५ लाख. पण या वर्षी ५० लहान आणि ५० मोठी घरं विकली गेली. सरासरी ७३.५ लाख, म्हणजे तब्बल ४१ टक्के वाढ. आता उलट समजा, ९५ लहान आणि ५ मोठी घरं विकली गेली. सरासरी ४५.१५ लाख, म्हणजे १३ टक्के घट.

दोन्ही वेळा खरी भाववाढ ५ टक्केच आहे. एका संशोधकाला तेजी दिसेल, दुसऱ्याला मंदी, आणि दोघांचंही गणित बिनचूक असेल.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे चौरस फुटाचा दर. त्याने बरंच काम होतं, पण इथेही एक खड्डा आहे. कुठला चौरस फूट? पूर्वी फ्लॅट सर्रास सुपर बिल्टअप क्षेत्रफळावर विकले जात. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा धरलेला असे. २०१६चा रेरा कायदा आला, महाराष्ट्रात मे २०१७पासून महारेराचं काम सुरू झालं आणि कार्पेट क्षेत्रफळ सांगणं बंधनकारक झालं. ७० लाखांचा फ्लॅट १००० चौरस फूट सुपर बिल्टअप धरला तर दर ७००० रुपये. तोच फ्लॅट ७०० चौरस फूट कार्पेट धरला तर दर १०,००० रुपये. घर तेच, पैसे तेच, दर मात्र ४३ टक्क्यांनी चढला! २०१५ ते २०२०ची मालिका जोडताना हे पाहिलं नाही, तर कायद्यातला बदल तुम्ही बाजाराच्या खात्यावर मांडाल.

मग करायचं काय?

मुख्य पद्धती तीन आहेत.

पहिली, गट पाडणं. घरांचे आकारानुसार आणि भागानुसार गट करायचे, प्रत्येक गटाची किंमत वेगळी पाहायची आणि मग ठरावीक भार देऊन एकत्र करायची. भार तेच ठेवले की मिश्रण बदलल्याचा परिणाम बराचसा निघून जातो. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक याच वळणाचा आहे. तो नोंदणी कार्यालयांतल्या व्यवहारांवर आधारलेला आहे, आणि २०१०-११ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत मुंबईसह १० शहरं होती. सुरुवात करणाऱ्यांसाठी हीच पद्धत बरी, कारण ती एक्सेलमध्येही जमते.

दुसरी, हेडोनिक पद्धत. घर म्हणजे गुणांची मोळी असं मानायचं: क्षेत्रफळ, मजला, इमारतीचं वय, स्टेशनपासूनचं अंतर. रिग्रेशनने प्रत्येक गुणाची किंमत वेगळी काढायची आणि उरलेला काळाचा परिणाम तो निर्देशांक. शेरविन रोझेन यांचा १९७४चा लेख या पद्धतीचा सैद्धांतिक पाया मानतात, तो वाचाच. अडचण माहितीची आहे. पाण्याची टंचाई, पार्किंग, बिल्डरची पत अशा गोष्टी दस्तात नसतात.

तिसरी, रिपीट सेल्स. एकच घर दोनदा विकलं गेलं तर दोन किमतींमधला फरक घ्यायचा. बेली, मथ आणि नूर्स यांनी १९६३मध्ये ही मांडणी केली, पुढे कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी ती अमेरिकेत नावारूपाला आणली. कल्पना सुंदर आहे, पण आपल्याकडे तिला मर्यादा येतात. वाढत्या उपनगरात बहुतेक विक्री नव्या घरांची असते, म्हणजे दुसरी विक्री झालेलीच नसते. आणि मुंबईत जुनी सोसायटी पाडून पुनर्विकास झाला, तर पत्ता तोच राहतो पण घर तेच राहत नाही.

किंमत लिहिली कोणी?

पद्धत ठरली तरी मूळ आकडा कुठून आला हे विचारायलाच हवं. महाराष्ट्रात दस्त नोंदला की इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन तयार होते. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे करारातली रक्कम. बाजारभाव म्हणजे सरकारी वार्षिक मूल्य दर तक्त्यावरून, आपल्या भाषेत रेडी रेकनरवरून, काढलेलं मूल्य. मुद्रांक शुल्क यातल्या जास्त रकमेवर भरावं लागतं. शिवाय करारातली रक्कम सरकारी मूल्यापेक्षा ठरावीक मर्यादेहून कमी असेल, तर आयकरात विकणारा आणि घेणारा दोघांवरही बोजा येऊ शकतो.

परिणाम काय? रेकनरच्या खाली रक्कम लिहिण्यात कुणालाच फायदा नाही, आणि व्यवहाराचा काही भाग रोखीत होत असेल तर रेकनरच्या फार वर लिहिण्यातही नाही. त्यामुळे नोंदलेल्या रकमा रेकनरच्या जवळपास गोळा होण्याचा धोका असतो. आता पाहा, रेकनरचे दर २०२३-२४ आणि २०२४-२५मध्ये बदलले नाहीत, आणि १ एप्रिल २०२५पासून वाढले. तुमच्या मालिकेत नेमक्या त्याच एप्रिलमध्ये उडी दिसली, तर ती बाजाराची की शासन निर्णयाची?

हे तपासायची सोपी युक्ती आहे. प्रत्येक दस्तासाठी मोबदला भागिले बाजारभाव हे गुणोत्तर काढा आणि त्याचा स्तंभालेख बघा. १च्या आसपास उंच मनोरा दिसला, तर तो भाग अभ्यासताना नोंदणीच्या आकड्यांवर एकट्याने विसंबू नका. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या रेसिडेक्समधला एक निर्देशांक बँकांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनांवर आधारलेला आहे. तो शेजारी ठेवून पाहता येतो. अर्थात त्यात कर्ज काढून घेतलेलीच घरं येतात, हे लक्षात ठेवायचं.

काळाचंही असंच. राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च २०२१मध्ये २ टक्क्यांची सवलत दिली. साहजिकच लोकांनी व्यवहार पुढे ओढले, मुदती संपायच्या आधी गर्दी केली. महागड्या घराला सवलतीची रक्कम मोठी, म्हणून मिश्रणही बदललं असण्याची शक्यता धरायला हवी. त्यातच, करार झाल्यावर नोंदणीसाठी साधारण चार महिन्यांची मुदत असते. तेव्हा कराराची तारीख आणि नोंदणीची तारीख, दोन्ही रकाने जपून ठेवा.

आणि 'प्रदेश' म्हणजे कुठला?

प्रादेशिक अभ्यासात ही शेवटची फट सगळ्यात सहज नजरेतून सुटते. पुणे महापालिकेत २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं आली. 'पुणे महापालिका हद्दीतली सरासरी' काढणाऱ्याच्या आकड्यात तुलनेने स्वस्त भाग एका दिवसात सामील झाला. शहरातलं एकही घर स्वस्त न होता सरासरी खाली येऊ शकते. ऑगस्ट २०१४मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तिथेही तेच. म्हणून अभ्यासाच्या सुरुवातीलाच हद्द एका वर्षाची पक्की करा आणि सगळी वर्षं त्याच हद्दीत बसवा.

मगच मोठे प्रश्न विचारता येतात. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये लंडन आणि आग्नेयेकडचे भाव आधी हलतात आणि ती लाट हळूहळू इतर भागांत पोहोचते, यावर बराच अभ्यास झाला आहे. जेफ्री मीन यांचा १९९९चा लेख त्यात महत्त्वाचा. मुंबईची लाट ठाण्याला आणि पुढे कल्याणला पोहोचते का? प्रश्न मोहात पाडणारा आहे. पण तिन्ही ठिकाणचे निर्देशांक एकाच पद्धतीने काढलेले नसतील, महागाई वजा केलेली नसेल, तर तुम्हाला दिसलेली लाट कदाचित फक्त वन बीएचकेच्या प्रकल्पांची असेल.

हे करून बघा

तुमच्या ओळखीचा एक भाग निवडा. दोन वेगळ्या वर्षांतले प्रत्येकी ५० इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून काढा. तीन आकडे मोजा: साधी सरासरी, चौरस फुटाचा दर (क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, हे बघून) आणि आकारानुसार गट पाडून काढलेला बदल. तिन्ही एकाच दिशेला गेले तर पुढे जायला हरकत नाही. वेगवेगळ्या दिशांना गेले तर निराश होऊ नका, प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तुम्हाला तिथेच सापडेल. माझा तसाच सापडला, फक्त तो सापडायच्या आधी मी भर सभेत चुकीचा आलेख दाखवून बसले होते.