जुने डोझर, पोकलेन व टिपर : तपासणी आणि निगा

बांधबंदिस्ती, जमिनीचे सपाटीकरण, शेततळ्याची खोदाई आणि तलावांतील गाळ काढून शेतात पसरणे ही कामे आता बहुतांशी यंत्रांच्या साहाय्याने केली जातात. या कामांचा हंगाम मात्र फार आखूड असतो. रब्बीची पिके निघाली म्हणजे शेत मोकळे होते आणि तलावांचे पाणी ओसरते. परंतु मृगाचा पाऊस पडला की काळ्या जमिनीत अवजड यंत्र घालता येत नाही. या अडीच-तीन महिन्यांत यंत्र आठ-दहा दिवस बंद पडले तर बांध अपुरा राहतो. अपुऱ्या बांधामुळे अडलेले पाणी मोकळ्या तोंडाशी एकवटते व तेथून जोराने वाहून शेतातील माती खरवडून नेते. यासाठी यंत्राची निगा हा केवळ यंत्रमालकाचा प्रश्न नसून ज्याच्या शेतात काम चालू आहे त्या शेतकऱ्याचाही प्रश्न आहे.

गावोगावी भाड्याने मिळणारी यंत्रे पुष्कळदा जुनी असतात. यंत्र जुने आहे एवढ्यावरून ते टाकाऊ ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले साखळीचे ट्रॅक्टर घेऊन 1947 साली केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने कांस गवताने व्यापलेल्या पडीत जमिनी नांगरण्यास प्रारंभ केला. पुढे 1949 साली शेतीची यंत्रे आणण्यासाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेण्यात आले. यंत्रे आली तरी ती राखणारी माणसे हवीत. म्हणून 1955 साली मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टरचे प्रशिक्षण केंद्र काढण्यात आले. महाराष्ट्रात 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यापासून गावच्या तलावांवर पोकलेन व टिपर सर्रास दिसू लागले आहेत. त्यांची तपासणी कशी करावी याची माहिती गावातील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

साखळीची रचना

डोझर असो वा पोकलेन, त्याचा सर्व भार साखळीवर असतो. साखळीच्या कड्या पिन व बुश यांनी एकमेकींस जोडलेल्या असून त्यांवर पोलादी पट्ट्या बोल्टांनी बसविलेल्या असतात. या पट्ट्यांना शू म्हणतात. एका टोकास साखळी ओढणारे दातेरी चाक असते, ते स्प्रॉकेट होय. दुसऱ्या टोकास साखळीला वळण देणारे बिनदाती चाक असते, त्यास आयडलर म्हणतात. यंत्राचे वजन खालच्या रोलरांवर येते व वरचे रोलर साखळीस उचलून धरतात.

डोझरच्या एकूण दुरुस्तीखर्चापैकी जवळजवळ निम्मा खर्च या भागांवर होऊ शकतो. सुदैवाने हे सर्व भाग उघडे असल्यामुळे त्यांची झीज डोळ्यांना दिसते. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी यंत्राभोवती एक सावकाश फेरी घातल्यास बहुतेक दोष वेळीच ध्यानात येतात.

साखळीचा ताण

साखळी फार ढिली असेल तर वळणावर ती आयडलरवरून उतरते. फार ताठ असेल तर पिन, बुश, रोलर व स्प्रॉकेट ही सर्वच झपाट्याने झिजतात आणि डिझेलही वाया जाते. डोझरचा ताण पाहण्यासाठी यंत्र सपाट जागेवर थोडे पुढे चालवून ब्रेक न दाबता थांबू द्यावे. नंतर इंजिन बंद करून वरचा रोलर व आयडलर यांच्यावर साखळीला लागून एक सरळ पट्टी ठेवावी आणि मधला झोळ मोजावा. मध्यम आकाराच्या जुन्या डोझरांत हा झोळ साधारणतः दीड ते दोन इंच, म्हणजे सुमारे 40 ते 50 मिलिमीटर असतो. पोकलेनमध्ये ताण मोजण्याची रीत निराळी आहे व झोळही बराच अधिक असतो. म्हणून त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

काळ्या जमिनीत काम करताना चिखल स्प्रॉकेटच्या दातांत व कड्यांत ठासून बसतो आणि बरोबर लावलेली साखळी ताठ होते. यासाठी ताण हा कोरड्या, स्वच्छ वाड्यात न लावता ज्या जमिनीत काम करावयाचे तेथेच पाहून लावावा.

बहुतेक यंत्रांत ताण ग्रीसच्या दाबाने लावतात. हा दाब अतिशय मोठा असतो. साखळी सैल करताना ग्रीसची झडप एका फेऱ्याहून अधिक उघडू नये आणि तिच्यासमोर तोंड किंवा हात आणू नये. झडप सुटून उडाल्यास प्राणावर बेतते. आयडलरमागील स्प्रिंगही दाबून बसविलेली असते. ती गावात कधीही उघडू नये.

झीज कशी ओळखावी

साखळी वळते त्या प्रत्येक वेळी पिन बुशमध्ये फिरते. आत माती शिरली की दोन्ही झिजतात व प्रत्येक सांध्यात थोडे अंतर वाढून साखळी एकंदरीने लांब होते. मालक ग्रीस भरून आयडलर पुढे सरकवितो आणि साखळी पुन्हा ताठ दिसते. म्हणून साखळी ताठ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. आयडलर आपल्या खाचेत किती पुढे आला आहे ते पाहावे. तो शेवटच्या टोकास आला असेल तर साखळीचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे.

स्प्रॉकेटचे दात बोथट न राहता टोकदार झाले असतील तर तीही त्याच झिजेची खूण होय. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढविणे हा खर्चाचा अपव्यय आहे, कारण जुने दात नवे बुश लवकरच खातात. उलट, बुश एका बाजूने झिजला असता वेळीच साखळी कारखान्यात नेऊन पिन व बुश अर्धा फेरा फिरवून घेतल्यास न झिजलेली बाजू कामास येते आणि साखळीला दुसरे आयुष्य मिळते. बुशला भोक पडेपर्यंत थांबल्यास ही संधी जाते.

रोलरांवरून तेल ओघळलेले दिसले तर त्याचे सील गेले आहे. ज्या रोलरची एक बाजू चपटी झाली आहे तो फिरत नाही. काम थांबल्यावर इंजिन बंद करून प्रत्येक रोलरजवळ हाताची मागील बाजू न टेकविता न्यावी. एखादाच रोलर इतरांपेक्षा फार तापला असेल तर तो कोरडा पडला आहे. शूचे बोल्ट सैल झाले म्हणजे त्यांच्याभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसते. ते लगेच आवळावेत, नाहीतर भोके मोठी होऊन कडीच निकामी होते.

चालकाच्या सवयींवरही झीज अवलंबून असते. उलट गतीने वेगात धावणे, नेहमी एकाच बाजूस वळणे आणि जागच्या जागी गर्रकन फिरणे या गोष्टी टाळाव्यात. एका गावाहून दुसऱ्या गावी यंत्र साखळीवर चालवीत न नेता ट्रेलरवरून न्यावे. सायंकाळी काम संपताच साखळीतील चिखल फावड्याने काढावा. रात्रीत तो वाळला म्हणजे सकाळी दगडासारखा होतो व रोलर फिरू देत नाही.

इंजिन

उन्हाळ्यातील धूळ ही इंजिनाची मुख्य शत्रू होय. कागदी एअर फिल्टर आपटून झाडू नये. हलक्या दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकावा व फाटलेला असेल तर बदलावा. काही जुन्या यंत्रांत तेलाचा फिल्टर असतो. त्याच्या वाटीतील तेलात गाळ साचला की वाटी धुऊन नवे तेल भरावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला काडीकचरा रोज काढावा. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

डिझेलची टाकी सायंकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्री टाकीत दव धरत नाही. सकाळी तळाची चावी उघडून साचलेले पाणी सोडून द्यावे. तेलाची पातळी इंजिन थंड असताना पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. असे यंत्र सुरू करू नये. धुरावरूनही प्रकृती समजते. काळा धूर हवा अपुरी पडत असल्याचे अथवा भार जास्त झाल्याचे लक्षण आहे. निळा धूर वंगणतेल जळत असल्याचे दाखवितो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जाते असे समजावे.

तेलाच्या नळ्या आणि माणसांचा जीव

डोझरचे पाते व पोकलेनचा बूम तेलाच्या दाबावर उचलले जातात. जुन्या नळ्यांना चिरा पडतात. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची चिळकांडी कातडीतून आत शिरते. गळती शोधताना हात फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. तेल आत शिरल्यास जखम लहान दिसली तरी घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्या माणसास ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. विलंबाने बोट किंवा हात गमवावा लागतो.

काम थांबताच पाते व बकेट जमिनीवर टेकवून ठेवावे. उचललेल्या पात्याखाली कोणीही जाऊ नये. साखळीच्या सावलीत झोपण्याची सवय मजुरांत आढळते. ती कटाक्षाने बंद करावी. यंत्र सुरू करण्यापूर्वी चालकाने खाली व मागे पाहून हॉर्न द्यावा.

गाळ वाहणारे टिपर

ओला गाळ दिसतो त्याहून पुष्कळ जड असतो. एक घनमीटर पाण्याचे वजन 1,000 किलोग्रॅम असते. ओल्या मातीचे त्याच्या दीडपटीहून अधिक भरते. शिगोशीग भरलेला जुना टिपर उतारावर आवरत नाही. रोज हवेच्या टाक्यांतील पाणी सोडावे. दाब पुरा झाल्यावर चाकांस ठोकळे लावून इंजिन बंद करावे, ब्रेक दाबून धरावा व दाबमापकाचा काटा पाहावा. काटा खाली सरकत राहिला तर हवा गळत आहे. असा टिपर कामावर घेऊ नये. पाट्यांना तडे, चाकांच्या नटांखाली गंजाचे ओघळ, जोडचाकांत अडकलेले दगड आणि स्टिअरिंगचा जादा ढिलेपणा यांकडे लक्ष द्यावे.

बॉडी उचलून खाली काही पाहावयाचे असल्यास ती रिकामी असावी व तिला पक्का पोलादी टेकू लावलेला असावा. केवळ तेलाच्या दाबावर विसंबू नये. टिपर खचत्या अथवा कलत्या जागी रिकामा करू नये. उचललेली बॉडी वरच्या विजेच्या तारेस लागण्याचा धोका शेतात नेहमीच असतो, म्हणून गाळ टाकण्याची जागा तारांपासून दूर निवडावी. तार लागलीच तर चालकाने आतच थांबावे, इतरांनी जवळ जाऊ नये व वीज कार्यालयास कळवून पुरवठा बंद करवून घ्यावा. गाडीने पेट घेतल्यास मात्र चालकाने गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जुळवून दूर उडी घ्यावी आणि पाय जमिनीवरून न उचलता सरपटत दूर जावे.

यंत्र भाड्याने घेताना

1. यंत्र थंड असताना पाहावे. थंड इंजिन कसे सुरू होते यावरून पुष्कळ समजते.
2. आयडलरची जागा, स्प्रॉकेटचे दात व रोलरांची गळती पाहावी.
3. यंत्र दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. एका बाजूस ओढ घेते का ते तपासावे.
4. पाते अगर बूम थोडे उचलून, जवळ कोणास न जाऊ देता पाच मिनिटे तसेच ठेवावे. ते आपोआप खाली येत असेल तर सिलिंडर अथवा झडपा गळतात.
5. तासमापक चालू आहे याची खात्री करावी. रोजचा आरंभीचा व अखेरचा आकडा, भरलेले डिझेल आणि बंद पडलेला वेळ वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

पावसाळ्यातील ठेवण

हंगाम संपताच यंत्र धुऊन सर्व ठिकाणी ग्रीस द्यावे. ते उंच, निचऱ्याच्या जागी जाड फळ्यांवर उभे करावे. सिलिंडरच्या उघड्या दांड्यांना ग्रीस फासावे, बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी व धुराड्यावर डबा पालथा घालावा. दर दोन-तीन आठवड्यांनी डबा काढून व बॅटरी जोडून इंजिन चालवावे आणि यंत्र थोडे पुढे-मागे हलवावे.

वरील तपासणीस रोज पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि एक पट्टी, एक वही व थोडे ग्रीस यांवाचून साधनही लागत नाही. गावातील कार्यकर्त्यांनी तलावावर वा बांधावर काम सुरू होण्यापूर्वी यंत्रमालक, चालक व शेतकरी यांस एकत्र बोलावून ही तपासणी एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी, म्हणजे काम पावसापूर्वी पुरे होईल आणि कामावरची माणसे सुखरूप घरी परततील.