सोन्याच्या कणांची निवड (लेखांक ७)

नायट्रोबेंझीनपासून ॲनिलिन करण्याची एक सोपी रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बेशां यांनी १८५४ मध्ये दाखवली. लोखंडाचा चुरा, थोडं आम्ल आणि उष्णता, एवढंच साहित्य. नायट्रो गटातला ऑक्सिजन लोखंड ओढून घेतं आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन येतो. कृत्रिम रंगांचा उद्योग या अभिक्रियेवर उभा राहिला, आणि भारतातल्या डाय इंटरमीडिएटच्या कारखान्यांतही ती दीर्घकाळ चालत आली. मागे उरतो तो गाळ. कारखान्यात त्याला ‘आयर्न स्लज’ म्हणतात. समीकरण मांडून हिशेब केला, तर एक किलो ॲनिलिनमागे जवळपास १.९ किलो लोह ऑक्साइड तयार होतं. हे वजन कोरड्या गाळाचं. प्रत्यक्षात तो ओला असतो, सेंद्रिय द्रव्यांनी माखलेला असतो, आणि टाकायचा कुठे हा प्रश्न शिल्लक राहतोच.

लोखंडाऐवजी हायड्रोजन वायू आणि धातूचा उत्प्रेरक वापरला, तर त्याच एका किलोमागे ३९० ग्रॅम पाणी निघतं, बाकी काही नाही. साध्या ॲनिलिनसाठी उद्योगाने हा मार्ग केव्हाच धरला. अडचण येते ती रेणूत नायट्रो गटाच्या शेजारी आणखी काही नाजूक असेल तेव्हा. नायट्रोस्टायरीन घ्या. बेंझीनच्या कड्याला एकीकडे नायट्रो गट, दुसरीकडे कार्बन-कार्बन दुहेरी बंध. आपल्याला फक्त नायट्रो गट बदलून हवा आहे. पण पॅलेडियम, प्लॅटिनम किंवा निकेल टाकलं, की दुहेरी बंधही हायड्रोजनने भरून जातो. या धातूंना आवर घालायला शिशाची किंवा व्हॅनेडियमची संयुगं मिसळावी लागत. म्हणजे एक घाण टाळायची तर दुसरी आत घ्यायची.

२००६ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अवेलिनो कॉर्मा आणि पेद्रो सेर्ना यांनी हे काम सोन्याकडून करून घेतलं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर सोन्याचे काही नॅनोमीटर आकाराचे कण बसवले, हायड्रोजन सोडला, आणि नायट्रो गट बदलला. दुहेरी बंध जवळजवळ पूर्ण शाबूत राहिला. या लेखमालेतल्या सगळ्या उदाहरणांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

सोन्यावर सहसा कशाचा परिणाम होत नाही, ते गंजत नाही की काळवंडत नाही, म्हणून तर ते जपलं जातं. उत्प्रेरक म्हणूनही ते फार काळ निरुपयोगी मानलं गेलं. जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये ही समजूत मोडली. धातूंच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे बारीक कण कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन शून्याखाली ७० अंश सेल्सिअसलाही घडवून आणतात, असं त्यांनी दाखवलं.

आकार कमी झाल्यावर असं काय बदलतं? नेहमीचं उत्तर पृष्ठभागाचं. एक सेंटिमीटरचा घन १० नॅनोमीटरच्या घनांमध्ये कापला, तर ६ चौरस सेंटिमीटरचे ६०० चौरस मीटर होतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. ५५ अणूंच्या नेटक्या कणात ४२ अणू बाहेरच्या थरात असतात, आणि त्यांतले बरेचसे कडांवर आणि कोपऱ्यांवर. सपाट पृष्ठभागावरच्या अणूला सोबती भरपूर, कोपऱ्यावरच्याला थोडे. त्याची बंध जोडण्याची क्षमता मोकळी राहते. हायड्रोजनचा रेणू फुटतो तो अशाच अणूंवर. अखंड सोन्यावर तो फुटत नाही.

निवड मात्र एकट्या सोन्याची नाही. सोन्याचा कण आणि त्याखालचं ऑक्साइड जिथे भिडतात, त्या सीमेवर नायट्रो गट घट्ट चिकटतो. दुहेरी बंधाला तशी पकड मिळत नाही. शिवाय सोन्यावर हायड्रोजन हळू फुटतो, प्लॅटिनमसारखा भराभर नाही. हा संथपणा दोष म्हणून नोंदवला जातो. मला तो इथे अडचणीचा वाटत नाही: औषधाच्या रेणूत चुकीच्या जागी भरलेला हायड्रोजन परत काढण्यापेक्षा काही तास जास्त लागलेले केव्हाही परवडतात.

आता एक इशारा, आणि तो पॅलेडियमच्या अनुभवातून आलेला. कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या हेक किंवा सुझुकी अभिक्रियेसाठी ‘पॅलेडियमचे नॅनोकण’ वापरल्याचे असंख्य शोधनिबंध आहेत. अनेकदा खरं काम कण करतच नाहीत. त्यांतून सुटून द्रावणात गेलेले अणू करतात, आणि थंड झाल्यावर पुन्हा कणावर येऊन बसतात. म्हणून मिश्रण गाळायचं ते गरम असतानाच. गाळलेल्या द्रवात अभिक्रिया पुढे चालू राहिली, तर धातू विरघळला आहे हे उघड. थंड करून गाळलं तर हा पुरावा हातचा जातो. ही चाचणी न करता ‘पाच वेळा पुन्हा वापरता येणारा उत्प्रेरक’ असा दावा छापू नये, असं माझं ठाम मत आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम शरीरात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि विरघळलेला धातू फिल्टरवर अडत नाही.

जे कण विरघळत नाहीत, ते तरी इतके बारीक असताना रिॲक्टरमधून परत कसे मिळवायचे? काहींनी त्यासाठी कणाच्या पोटात चुंबकीय लोह ऑक्साइड घातलं. ते पुढच्या आठवड्यात.