अभ्यंग आणि मूत्रपिंडाचे आरोग्य : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

अभ्यंग, मर्दन, मालिश अशा विविध नावांनी ओळखली जाणारी अंग चोळण्याची प्रथा भारतीय जीवनात प्राचीन काळापासून रूढ आहे. तान्ह्या बाळाच्या तेल लावण्यापासून तालमीतील मल्लाच्या मर्दनापर्यंत तिचा विस्तार दिसतो. अलीकडे मात्र या प्रथेला एक नवा दावा चिकटला आहे. कंबर व तळपाय यांच्या मसाजमुळे मूत्रपिंडातील विषारी द्रव्ये निघून जातात व त्यांचे कार्य सुधारते, असे जाहिरातींतून सांगितले जाते. मूत्रपिंडाचा विकार जडलेला रुग्ण अशा आशेवर औषधोपचार लांबणीवर टाकू शकतो. म्हणून या दाव्याची तपासणी अगत्याची ठरते.

मूत्रपिंडाचे स्थान व कार्य :

मूत्रपिंडे उदरपोकळीच्या मागील बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. त्यांच्याभोवती चरबीचे आवरण आणि मागे कंबरेचे भक्कम स्नायू असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून चोवीस तासांत साधारणपणे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यातील बहुतांश पुन्हा शोषला जाऊन केवळ दीड ते दोन लिटर मूत्र उरते. रक्तदाबात थोडाफार चढउतार झाला, तरी तेथील रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून गाळण्याचा वेग स्थिर राखतात. ज्या यंत्रणेची रचनाच बाह्य बदलांना दाद न देण्याची आहे, ती पाठीवरून हात फिरल्याने अधिक वेगाने चालेल, असे मानण्यास आधार नाही. शिवाय युरिया यकृतात तयार होतो, क्रिएटिनिन स्नायूंत. दोन्ही रक्तात मिसळतात. चोळून मोकळी करावीत अशी त्यांची साठवण कोठेही नसते.

आयुर्वेदाची साक्ष :

या दाव्याच्या समर्थनार्थ अनेकदा आयुर्वेदाचा हवाला दिला जातो. प्रत्यक्षात अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात अभ्यंगाचे जे लाभ सांगितले आहेत, ते वार्धक्य, श्रम व वात यांचे शमन, दृष्टी, पुष्टी, निद्रा, त्वचेची कांती असे आहेत. त्याच ठिकाणी कफाने ग्रस्त, नुकतेच शोधन झालेले आणि अजीर्ण असलेले यांना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. हा भाग जाहिरातींत सहसा येत नाही. याहून लक्षणीय बाब अशी की, चरकसंहितेच्या विमानस्थानात वृक्क हे मेदोवह स्रोतसाचे मूळ मानले आहे, तर मूत्रवह स्रोतसाचे मूळ बस्ती व वंक्षण हे आहे. म्हणजे वृक्काचा मूत्रनिर्मितीशी जो संबंध आज शालेय पुस्तकातही असतो, तो तेथे त्या रूपात नाही. तेव्हा ‘वृक्कशुद्धीसाठी मालिश’ ही कल्पना प्राचीनांच्या नावावर खपविणे हा ग्रंथांवरही अन्यायच होय.

लाभ कोठे आहे?

याचा अर्थ मूत्रपिंडाच्या रुग्णास मसाजचा काहीच उपयोग नाही, असा नव्हे. डायलिसिसवरील रुग्णास सामान्यतः आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास यंत्राशी जखडून राहावे लागते. थकवा, निद्रानाश, पायांत येणारे गोळे, अंगाला सुटणारी खाज यांनी तो त्रस्त असतो. इराण, तुर्कस्तान, तैवान येथील अभ्यासांत पायांचा मसाज किंवा बिंदुदाब यांमुळे अशा रुग्णांचा थकवा व झोपेच्या तक्रारी कमी झाल्याचे आढळले आहे. यांतील बरेचसे अभ्यास लहान असून, आपल्याला मसाज मिळत आहे हे रुग्णापासून लपविता येत नसल्याने मनाचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. तथापि रुग्णास बरे वाटणे ही क्षुल्लक बाब नव्हे. हा आराम रुग्णाला मिळतो. गाळण्याचे काम मात्र डायलिसिसचे यंत्रच करीत असते, एवढे भान राखले पाहिजे.

हानी कशी होते?

१९४१ मध्ये बायवॉटर्स व बील यांनी लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडल्या गेलेल्या व्यक्तींची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे नोंदविले. चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा करते. अतिशय जोरकस व दीर्घकाळ केलेल्या मसाजनंतरही स्नायूंचा असा नाश झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. मसाजनंतर लघवी चहासारखी गडद होणे, स्नायू विलक्षण दुखणे ही ‘विष बाहेर पडल्याची’ खूण नसून तातडीने रुग्णालय गाठण्याची सूचना असते.

सूज हा आणखी एक फसवा विषय आहे. मूत्रपिंडविकारात पायांवर येणारी सूज शरीरात साचलेले क्षार व पाणी किंवा मूत्रावाटे जाणारी प्रथिने यांमुळे येते. ती चोळून वर सरकविली, तर पाणी शरीराबाहेर जात नाही. ते रक्तप्रवाहात परतते आणि दुर्बल हृदयावर भार पडतो. कंबरेच्या एका बाजूस कळा येत असतील, ताप असेल, तर तेल लावण्यापूर्वी मूतखडा वा जंतुसंसर्गाची शंका घ्यावयास हवी.

डायलिसिसच्या रुग्णास मसाज द्यावयाचाच असल्यास तो डॉक्टरांच्या संमतीने व हलक्या हाताने द्यावा. रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपॅरिनमुळे थोड्या दाबानेही त्वचेखाली रक्त साकळते आणि दीर्घ आजारात हाडे ठिसूळ झालेली असतात. ज्या हातावर धमनी व शीर जोडून फिस्टुला केलेला असतो, त्या हाताला मालिश करू नये. तो बंद पडल्यास डायलिसिसचा मार्गच खुंटतो.